इंजिन सुटलं, पण बाहेर येईना : एमजीबीचं इंजिन घरी उतरवताना हमखास येणारी अडचण

तक्रार साधारण एकाच शब्दांत येते. "बेल हाउसिंगचे सगळे बोल्ट काढले, फाउंडेशन सोडली, क्रेनवर वजन घेतलं. इंजिन बोटभर पुढे आलं आणि तिथेच बसलं. आता पुढे येत नाही आणि मागेही जात नाही." (बेल हाउसिंग म्हणजे इंजिनला जोडलेलं गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं तोंड; फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी माउंट.) नाशकात एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या काही फार नाहीत. पण ज्यांच्याकडे आहेत, त्यांना कधी ना कधी इंजिन घरच्या पोर्चमध्येच उतरवायची हुक्की येते आणि घोडं अडतं ते नेमकं इथे. मग तासाभराच्या ओढाताणीनंतर शेजारून कोणीतरी पहार घेऊन येतो.

पहार लावू नका. गिअरबॉक्सचं कवच अॅल्युमिनियमचं आहे. फटीत पहार घालून जोर दिला की कड चुरते किंवा बोल्टचा कान तुटतो. असा कान वेल्डिंगने भरून घेता येतो, पण तोंड पुन्हा सपाट आणि मध्यात बसवणं सोपं नाही. शिवाय अडचण जोर कमी पडल्याची नसतेच. इंजिन अडतं ते एकतर रेषा चुकली म्हणून, नाहीतर काहीतरी जोडलेलं राहिलं म्हणून. यातलं कोणतं, ते इंजिन स्वतःच सांगत असतं. फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

खालचं सगळं एमजीबी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये अॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली ही गाडी. आत १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं बी-सिरीज इंजिन. आपल्याकडे एक सोय अशी की याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन अॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं होतं. त्यामुळे द्वारका, भद्रकाली भागात अॅम्बेसेडरवर हात बसलेला एखादा जुना मिस्त्री गाठा. बॉनेट उघडल्यावर तो बावरणार नाही. डिस्ट्रिब्युटर कुठे, टॅपेट कसे, सगळं त्याला ओळखीचं वाटेल. मात्र अॅम्बेसेडरच्या इंजिनभोवती माणूस उभा राहील एवढी जागा असते. एमजीबीत ती नाही, आणि गिअरबॉक्स तर अरुंद बोगद्यात शिरलेला असतो. सगळी भानगड या जागेच्या टंचाईतून होते.

आधी फट बघा

इंजिन अडलं की पहिलं काम म्हणजे हात बाजूला घेणं. क्रेन आहे तिथेच राहू द्या. मोबाइलचा टॉर्च घ्या आणि इंजिनची मागची प्लेट व बेल हाउसिंग यांच्यामधली फट चार ठिकाणी मोजा : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मोजायला खास काही लागत नाही. ड्रिलचे वेगवेगळ्या मापाचे बिट घ्या आणि त्यांची गुळगुळीत दांडी फटीत सरकवून बघा. वर आठ मिलिमीटरची जाते आणि खाली चारचीच जाते, एवढं कळलं तरी निदान झालंच.

फट वर जास्त आणि खाली कमी असेल तर इंजिनचं नाक खाली झुकलंय, किंवा गिअरबॉक्सखालचा जॅक पुढचं तोंड गरजेपेक्षा वर ढकलतोय. नाक थोडं वर घ्या. फट खाली जास्त असेल तर उलट : इंजिनचं नाक जास्त वर गेलंय, किंवा गिअरबॉक्सचं पुढचं तोंड खाली लोंबलंय. हे दुसरं सगळ्यात जास्त वेळा घडतं. इंजिन जोडलेलं असतं तोवर गिअरबॉक्सचं पुढचं वजन त्याच इंजिनवर असतं. बोल्ट निघाले की तो मागच्या एकट्या माउंटवर टेकतो आणि पुढून खाली येतो. त्याला खाली जायचं असतं, पण त्याचा क्लच शाफ्ट (गिअरबॉक्समधून पुढे निघणारा दांडा) अजून इंजिनवरच्या क्लच प्लेटच्या आत असतो. म्हणजे सगळा भार त्या शाफ्टवर आणि प्लेटच्या मधल्या दातेरी भागावर येतो. आणि आपण वरून इंजिन ओढत बसलेलो.

इंदिरानगरच्या एका बंगल्यात हे बघायला मिळालं होतं. चारजण क्रेनला झोंबलेले, पाचवा समोरून दोर ओढतोय. अॅम्बेसेडरवाले मिस्त्रीकाका आले, गुडघ्यावर बसून खालून टॉर्च मारला आणि म्हणाले, "इंजिनला काय ओढताय? गिअरबॉक्सला उचला आधी." बेल हाउसिंगखाली लाकडाचा तुकडा ठेवून साध्या कात्री जॅकने तो थोडा वर घेतला. खालची फट मिटत गेली, वरची उघडत गेली. चारी बाजूंना सारखी झाल्यावर काकांनी इंजिनला दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलकं हलवलं आणि ते वीतभर पुढे आलं. दोर ओढणारा मागच्या मागे पडला, तेवढाच काय तो अपघात.

म्हणून जॅक बेल हाउसिंगखाली कधी लावायचा, तर शेवटचे दोन बोल्ट काढण्याआधी. नंतर नाही. आणि एमजीबीत जॅक नुसता आधाराला नसतो, तो इंजिनबरोबर वर जायला लागतो. इंजिनची फाउंडेशन आपल्या ब्रॅकेटवरून सुटण्यासाठी आणि खालची पुली क्रॉस मेंबर (गाडीखालचा आडवा बीम), स्टीअरिंग रॅक यांच्या वर येण्यासाठी इंजिन थोडं उचलावं लागतं. ते एकटं उचललं की रेषा मोडली. म्हणून क्रेनचे दोन पंप मारले की जॅकही तेवढाच वर. गिअरबॉक्स बोगद्याच्या छताला टेकेपर्यंत दोघांना एकत्र वर न्यायचं आणि तिथून इंजिन सरळ पुढे घ्यायचं.

फट एकाच बाजूला, म्हणजे डावीकडे आठ आणि उजवीकडे शून्य, असं दिसलं तर ओढणं लगेच थांबवा. त्या शून्याच्या बाजूला बोल्ट राहिलाय. नव्वद टक्के वेळा तो स्टार्टरच्या आसपासचा किंवा अगदी वरचा असतो, जो ना वरून दिसतो ना खालून. स्टार्टर उजव्या बाजूला, त्याच बाजूला ऑइल फिल्टर आणि डिस्ट्रिब्युटर; त्या गर्दीत वरचा बोल्ट डोळ्यांना सापडतच नाही. बोटांनी चाचपा. काढलेला प्रत्येक बोल्ट ज्या जागेचा, त्या जागेनुसार पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचं चित्र काढून त्यात खोचून ठेवला तर रिकामं भोक आपोआप दिसतं. मिस्त्री लोक हसतात या पुठ्ठ्याला, हसू द्या.

दणका बसतो की परत येतं?

फट चारी बाजूंना सारखी आहे, तरी इंजिन एका जागी येऊन थांबतं. आता हाताला काय जाणवतं ते महत्त्वाचं. थोडं पुढे ढकलल्यावर ते मऊपणे परत मागे येत असेल, तर कुठलीतरी वायर, नळी किंवा केबल ताणली जातेय. धातूवर धातू आपटल्यासारखं ठक्क होऊन थांबत असेल, तर ते कशाला तरी टेकलंय.

मऊ थांबण्याची कारणं बहुतेक ठरलेली आहेत. पहिली अर्थिंगची पट्टी : काही गाड्यांत ती पुढच्या फाउंडेशनजवळ असते, काहींत गिअरबॉक्सच्या मागच्या माउंटजवळ, आणि ग्रीस-मातीच्या थराखाली ती दिसतही नाही. मग हीटरची नळी, ऑइल प्रेशरच्या मीटरला जाणारी नळी, ऑइल कूलर असेल तर त्याच्या दोन नळ्या. गिअरबॉक्सही काढत असाल तर स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटच्या वायरी आणि ओव्हरड्राइव्ह (जास्त वेगासाठीचा जादा गिअर) असेल तर त्याचीही वायर.

यातली एक गोष्ट मात्र जपून. बऱ्याच गाड्यांत पाण्याच्या तापमानाचा काटा विजेवर चालत नाही. सिलिंडर हेडमध्ये एक छोटा बल्ब असतो आणि तिथून केसासारखी बारीक तांब्याची नळी थेट डॅशबोर्डपर्यंत जाते. नळी, बल्ब आणि मीटर हा एकच बंद नग. आतला द्रव गेला की मीटर मेलं, मग नवा जोड लावून काही होत नाही. हेडमधला नट वर्षानुवर्षं जाम झालेला असतो आणि तो फिरवायला गेलं की नटाबरोबर नळीही पीळ खाते. नटाला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी नट अगदी थोडा मागे-पुढे करत राहा, आणि दर वेळी नळीकडे बघा. नळी फिरताना दिसली तर थांबा. निघाल्यावर नळीची मोठी गुंडाळी करून बॅटरीच्या वायरपासून लांब, काचेच्या बाजूला बांधून ठेवा. इंजिन वर येताना ज्यांचं हे मीटर तुटलं, त्यांना ते दुरुस्त करून देणारा शोधायला किती वणवण करावी लागली ते विचारा.

ठक्क थांबणारं इंजिन बहुधा खालच्या पुलीवर किंवा ऑइल चेंबरवर (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यावर) अडलेलं असतं. समोर रेडिएटर आणि त्याला धरणारी पत्र्याची चौकट तशीच असेल तर आधी ती काढा. चौकट ठेवून काम भागवण्याचा मोह होतो, पण शाफ्ट सुटायला इंजिन पुढे यायला हवं आणि ती जागा त्या चौकटीतच आहे. पंखाही आधीच काढून टाका.

सगळं बरोबर, तरी हलत नाही

फट सारखी, काही टेकलेलं नाही, कुठली वायर नाही. तरी इंजिन काही मिलिमीटरवर घट्ट. ही गाडी वर्षानुवर्षं उभी असणार. नाशिकच्या पावसाळ्यात बंद शेडमध्ये उभ्या गाडीच्या बेल हाउसिंगमध्ये ओल शिरते, आणि क्लच प्लेटचा दातेरी मध्यभाग शाफ्टवर गंजून बसतो. काही वेळा शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या पायलट बुशमध्ये (त्या टोकाला आधार देणाऱ्या छोट्या नळीत) धरलेलं असतं. दोन्हींवर उपाय जवळपास सारखा.

क्लचचा फोर्क (क्लच सोडवणारी दांडी) ज्या चौकोनी तोंडातून बाहेर येतो त्याचं रबर काढा आणि लांब नळीने तिथून शाफ्टवर गंज सोडवणारं तेल सोडा. क्लच प्लेटच्या अस्तरावर तेल जाईल म्हणून घाबरू नका. इंजिन निघालंच तर प्लेट बदलायचीच आहे. रात्रभर भिजू द्या. दुसऱ्या दिवशी गिअर टॉपला टाका. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) जोडलेला असेल आणि हँडब्रेक ओढलेला असेल तर गिअरबॉक्सचा शाफ्ट जागचा हलत नाही. आता प्लग काढून क्रँकच्या नटाला मोठी गोटी (सॉकेट) लावा आणि क्रँक थोडा पुढे, थोडा मागे असा हेलकावत राहा. दुसरा माणूस त्याच वेळी इंजिन सरळ पुढे धरून ठेवेल. गंज खेचून निघत नाही, तो हालवून मोडावा लागतो. एकदा कर्र असा आवाज आला की काम झालं.

नाहीच सुटलं तर हट्ट सोडा, गिअरबॉक्ससकट काढा.

मुळात एकत्रच का काढू नये?

माझं मत विचाराल तर एमजीबीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच काढावं, विशेषतः ज्यांच्याकडे दोनच माणसं आणि एक क्रेन आहे त्यांनी. काम थोडं वाढतं : प्रोपेलर शाफ्टच्या फ्लॅंजचे चार बोल्ट, मागचा क्रॉस मेंबर, केबिनमधून गिअर लिव्हर. पण वर सांगितलेली फटीची सगळी कटकट गाडीच्या आत होतच नाही. दोन्ही वेगळे करायचे ते खाली जमिनीवर, चहूबाजूंनी फिरून.

यातला धोका वेगळा. नुसतं इंजिन दीडशे किलोच्या वर जातं. गिअरबॉक्स धरला की दोनशेच्या पुढे. ते बाहेर काढायला नाक बरंच वर करून, जवळजवळ ४५ अंशांत तिरकं करावं लागतं. शेपटी खाली जाते आणि बोगद्यातून पुढे सरकते. त्यासाठी गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उंच घेतलेली हवी; पण गाडी जितकी उंच, तितकी क्रेनही उंच जायला हवी. पोर्चचा स्लॅब कमी उंचीचा असेल तर क्रेनचा हात छताला लागतो आणि चेंबर अजून पुढच्या पट्टीच्या वर आलेलं नसतं. म्हणून गाडी उचलण्याआधी टेप घेऊन हा हिशेब मांडा.

तिरकं करायचं म्हणजे तोल बदलता यायला हवा. हँडल फिरवून कोन बदलणारी लेव्हलरची पट्टी मिळाली तर उत्तम. नाहीतर दोन पट्टे वापरा, एक पुढे पुलीच्या मागे आणि एक बेल हाउसिंगभोवती, आणि मागचा लांब ठेवा. रॉकर कव्हरच्या स्टडवर पट्टी बसवून उचलणारे खूप आहेत. नुसत्या इंजिनला ते चालून जातं. गिअरबॉक्ससकट तिरकं लोंबकळताना मी त्या दोन स्टडवर विश्वास टाकत नाही. पट्टा टॅपेटच्या पत्र्याच्या झाकणांवर किंवा डिस्ट्रिब्युटरवर दाबत नाही ना, ते बघून घ्या. पत्रा एकदा आत गेला की तिथून तेल गळत राहतं.

गिअरबॉक्सचं तेल आधीच काढून टाका. या गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइलच असतं, आणि शेपटी खाली गेली की ते लिव्हरच्या तोंडातून फरशीवर येतं. काढलेलं काळं तेल डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याला द्या. गटारात ओतलं की नासर्डीतून गोदावरीत.

पोर्चची जमीन

यूट्यूबवर दिसणारं गॅरेज सपाट काँक्रीटचं असतं. आपल्याकडे पोर्चला गेटच्या दिशेने पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेला असतो, वर शहाबादी फरशी किंवा पेव्हर ब्लॉक. क्रेनची लोखंडी चाकं फरशीच्या सांध्यात अडकतात आणि पेव्हरवर एखादा ब्लॉक खचला की क्रेन तिरकी होते. दोनशे किलो वर लोंबत असताना क्रेन उताराने आपणहून चालू लागली, तर ती माणसाच्या हाताने थांबत नाही. जाड प्लायवुडच्या दोन शीट अंथरा, त्यांच्यावरच क्रेन आणि जॅक फिरवा, आणि चाकांना ठोकळे ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे इंजिन वर आलं की क्रेन जागेवर ठेवून गाडीच हळूहळू मागे ढकलायची. गाडी घोड्यांवर असेल तर हे जमत नाही, म्हणून आधी ठरवा.

क्रेन भाड्याने घेताना तिच्या हातावरचे आकडे वाचा. हात पूर्ण आत असताना जी एक टनाची असते, ती हात पूर्ण बाहेर काढल्यावर त्याच्या काही अंशाचीच राहते. एमजीबीचं नाक लांब, इंजिन बरंच मागे. म्हणजे हात बाहेर काढावाच लागतो. दोन टनाची मागा. अंबड, सातपूरला एमआयडीसीच्या आसपास मिळते.

काहीजण बोअरची मोटर काढायची लोखंडी तिपाई आणि चेन ब्लॉक आणतात. शेतातली वस्तू, मजबूत असते. पण तिचे पाय गाडीच्या रुंदीबाहेर ताणून ठेवावे लागतात आणि गुळगुळीत फरशीवर ते बाहेर सरकतात. तीनही पाय खालून साखळीने एकमेकांना बांधल्याशिवाय वजन घेऊ नका.

आणि झोपाळ्याच्या कड्या. हे दर वेळी कोणीतरी विचारतं : "पोर्चमध्ये झोपाळ्याच्या कड्या आहेत, चार माणसं बसतात, इंजिनला काय होतंय?" झोपाळ्याचं वजन चार कड्यांवर वाटलेलं असतं, चेन ब्लॉक एका कडीवर लागतो, आणि इंजिन पुढे घेताना साखळी तिरकी ओढली जाते. कडी बीममध्ये आहे की नुसत्या स्लॅबमध्ये आणि तिच्या वर सळई कशी गुंतवली आहे, हे ज्याने ती बसवली त्यालाच ठाऊक. नको.

मापं, बॅटरी, पेट्रोल

एमजीबीवरचे बहुतेक बोल्ट इंची आहेत. आपल्या डब्यात मेट्रिक पाने. बेल हाउसिंगच्या बोल्टला अर्ध्या इंचाचा पाना लागतो, म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३चा पाना बसतो, म्हणून लोक तोच लावतात. पण ती थोडीशी ढिलाई जाम बोल्टवर नटाच्या कडा मारते. ९/१६चा नट १४.३ मिलिमीटरचा असतो. त्यावर १४चा चढत नाही आणि १५चा घसरतो. टपारियाचा कारखाना तर आपल्या सातपूरला आहे. रविवार कारंज्यावरच्या दुकानात जाऊन इंची रिंग पान्यांचा सेट आणि गोट्या मागा आणि मगच कामाला लागा. एक्झॉस्ट पाइपचे सहा नट पितळी असायला हवेत. आधीच्या कोणी लोखंडी लावले असतील तर ते स्टडसकट येतील, तयारी ठेवा.

बॅटरी सीटच्या मागे, फळीखाली असते. जुन्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते, तेव्हा नेहमीच्या सवयीने काळी वायर म्हणजे अर्थ असं धरू नका. बॉडीला जाणारी कुठली ते बघून ती आधी काढा. ही पायरी टाळू नका, कारण पेट्रोलचा पंप इलेक्ट्रिक आहे आणि तो मागे टाकीजवळ आहे. कार्ब्युरेटरची नळी काढलेली असताना कोणी सहज चावी फिरवली की मागे टिकटिक सुरू होते आणि पुढे उघड्या नळीतून पेट्रोल वाहू लागतं. घरातली लहान मुलं चावी फिरवणारच.

क्लचचा फोर्क ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्टवर असतो. तो काढून नळीसकट बाजूला बांधा, हायड्रॉलिकची नळी उघडू नका. त्यानंतर क्लच पॅडल कोणी दाबू नये म्हणून पॅडलखाली लाकूड घाला.

बॉनेट दोघांनी मिळून काढा आणि बिजागरीभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवा. जुन्या गाड्यांचं बॉनेट अॅल्युमिनियमचं, कोपरा टेकला तरी वाकतं. ते गादीवर ठेवा आणि गादी अशा खोलीत, जिथे कोणी झोपायला येणार नाही.

जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. उघड्या ब्लॉकच्या आत पावसाळी हवेत गंज चढायला वेळ लागत नाही. दिवाळीनंतरचे महिने बरे; काढल्यावरही सिलिंडरला तेल लावून सगळी तोंडं कापडाने आणि प्लास्टिकने बंद करा.

बसवताना तीच अडचण, उलटी

परत बसवताना इंजिन गिअरबॉक्सपासून अर्धा इंच लांब येऊन थांबतं. इथे लोक बेल हाउसिंगचे बोल्ट घालून आवळायला लागतात, की ओढून बसेल. बसतंही. पण त्या बोल्टांनी शाफ्ट प्लेटमध्ये तिरका दाबून घातलेला असतो. प्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग क्लच सुटतच नाही, गिअर कर्रकर्र करत पडतात. सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं. बोल्ट हाताने शेवटपर्यंत जात नसतील तर पाना उचलायचाच नाही.

कारण बहुतेक वेळा एकच : प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) आवळताना क्लच प्लेट मध्यात नव्हती. डोळ्यांनी मध्यात धरणं पुरत नाही. जुना क्लच शाफ्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर सातपूरच्या एखाद्या लेथवाल्याकडे पायलट बुशचं आणि प्लेटच्या भोकाचं माप नेऊन लाकडाची किंवा नायलॉनची पायऱ्यांची दांडी करून घ्या. ती आत घालूनच प्रेशर प्लेटचे बोल्ट आडवे-उभे करत थोडे थोडे आवळा. दांडी सहज बाहेर येऊन पुन्हा सहज आत गेली पाहिजे.

दांडी नीट जाते, तरी इंजिन बसत नाही? मग शाफ्टचे दाते प्लेटच्या खाचांसमोर नाहीत. गिअर टॉपला टाका आणि एकाला मागून गिअरबॉक्सची फ्लॅंज हळूहळू फिरवायला सांगा. दाते समोरासमोर आले की इंजिन स्वतःच पुढचा टप्पा घेतं. त्यानंतर पुन्हा तीच फटीची तपासणी, चारी बाजूंनी, ड्रिलच्या दांड्यांनी. शेवटच्या काही मिलिमीटरला पायलट बुश आड येतो. नवा बुश घातला असेल तर शाफ्टच्या टोकावर आधी हाताने बसवून पाहिलेला असावा. जुना बुश काढायला त्याच्या भोकात ग्रीस ठासून भरा आणि तेवढ्याच जाडीच्या दांडीवर हातोडा मारा. ग्रीसच्या दाबाने बुश मागून ढकलला जाऊन बाहेर येतो.

रिलीज बेअरिंगही (फोर्कवरचं, पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) इथेच बघा. यात बॉल बेअरिंग नसून कार्बनची कडी असते. झिजून ती धातूच्या कपाच्या जवळ आली असेल तर आताच बदला. तिच्यासाठी इंजिन पुन्हा काढावं लागतं, म्हणून तिची किंमत बघू नका. आणि फोर्कवरच्या तिच्या दोन्ही क्लिपा बसल्यात की नाही, ते जोडायच्या आधी आरसा धरून बघा.

ब्लॉक रिबोअरला (सिलिंडरची भोकं पुन्हा कापून घ्यायला) बाहेर पाठवणार असाल तर इंजिन नंबरच्या पट्टीचा स्पष्ट फोटो आरसीशेजारी ठेवून काढा, आणि ती पट्टी कारखान्यात काढून टाकू नका म्हणून बजावा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीला विंटेज म्हणून नोंद मिळू शकते, पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा ही अट आहे. पेठ रोडच्या आरटीओत नंबर जुळला नाही की पुढची फाइल तिथेच थांबते.

इंजिन बसलं, तेल भरलं, की लगेच चावी मारू नका. चारही प्लग काढून ठेवा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत नुसता स्टार्टर थोडा थोडा फिरवा. काटा उठला की प्लग लावा. आणि पहिल्यांदा सुरू करताना एकाला गाडीखाली टॉर्च घेऊन बसवा. ऑइल कूलरच्या नळ्यांचे जोड गळत असतील तर ते त्याला आधी दिसतील, तुम्हाला नाही.